उन्हाळ्यातला धूर

एलादिओला काही वाटत नाही, असं सगळं बेनाल्कार गाव म्हणायचं, आणि एलादिओचं स्वतःचंही तेच मत होतं. बायको गेली त्या हिवाळ्यापासूनचं हे. त्रिनीला पोचवून तो दफनभूमीतून थेट बारमध्ये गेला, नेहमीची वाइन मागितली, प्यायला, पैसे ठेवले आणि पाण्याच्या पाटावर निघून गेला. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल भानावर. वर्षं गेली. बरं, तो भानावर नव्हता असंही नाही. जेवणात मीठ नसलं तर त्याला कळायचं, फक्त त्याचं काही वाटायचं नाही. ग्रानादाच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या त्याने इमानेइतबारे खाल्ल्या आणि डबी रिकामी झाल्यावर खिळे ठेवायला घेतली.

तो गावचा पाटकरी. डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळला की ते पाणी मूर लोकांच्या काळात खोदलेल्या पाटातून गावापर्यंत आणायचं आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना बारीने वाटायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाटकरी म्हणजे सगळ्या गावाच्या शिव्या खाण्याचा मानाचा हुद्दा. कुणाचे टोमॅटो सुकले, तर पाटकऱ्याने फळी उशिरा उचलली. कुणाच्या बटाट्यात पाणी तुंबलं, तर पाटकरी झोपला होता. आमच्याकडे नवराबायकोचं वाजलं तरी शेवटी पाटकऱ्याचाच उद्धार होतो. पण त्रिनी गेल्यापासून एलादिओला शिव्या देण्यात कुणाला मजा येईनाशी झाली. भिंतीला माणूस किती शिव्या देणार?

पाण्याची बारी कुणाला, याचा आमचा नियम जुना आणि एकच आहे. बारी शेताची नसते, चुलीची असते. ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो त्याला पाणी. घराला कुलूप लावून बार्सिलोनाला गेलात तर शेत तुमचं राहील, पाणी गावाचं. आणि कुणी चूल उचलून दुसऱ्या घरी नेली, तर त्याची बारी त्याच्या मागोमाग जाते. हा नियम नसता तर निम्मं पाणी परगावी बसलेल्यांच्या नावाने वाहून गेलं असतं.

तर पाणी. पूर्वी सान हुआनच्या सणापर्यंत, म्हणजे जून सरत येईस्तोवर, माथा पांढरा दिसायचा. आता एप्रिलमध्येच डोंगराचं टक्कल उघडं पडतं. पाणी येतं ते एकदम येतं, महिनाभर धो धो वाहतं, आणि ऐन गरजेच्या वेळी पाटात सरडे फिरतात. तेव्हा पाटाच्या सभेने डोकं चालवलं. गुमेर्सिंदो, आमचा गुमेर, हा सभेचा प्रमुख; टोमॅटोवाला, पोट सुटलेला, आवाज असा की खाली दरीतल्या शेळ्या माना वर करतात. तो म्हणाला, "मातीच्या पाटात निम्मं पाणी वाटेतच मुरतं. म्हणजे आपण डोंगर भिजवतोय आणि टोमॅटो तहानलेत. पाटात पाइप टाका, शेताला ठिबक लावा. एक थेंब वाया जाता कामा नये!"

आणि नवल काय, तर या पाइपने एलादिओ हलला. काळ्या जाड पाइपची टोकं तापवून एकमेकांना चिकटवायची असतात, ते तो शिकला. पाटाच्या वळणावळणावर पाइप कसा वाकवायचा याचा विचार करत बारमध्ये बसू लागला. रुमालावर बोटाने रेघा मारायचा. दोन माणसं हाताशी घेऊन त्याने अख्खा वसंत डोंगरात काढला. पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी सगळं गाव टोकाशी जमलं होतं. गुमेर पाइपाच्या तोंडाशी वाकून "येतंय का, येतंय का" करत होता, आणि पाणी असं जोरात आलं की गुमेर टोपीसकट चिंब. एलादिओ हसला. मोठ्याने, पोट धरून. ज्यांनी ते पाहिलं ते अजून सांगतात.

त्या गर्दीत त्याची थोरली बहीण कासिल्दाही होती. ती खालच्या अंगाला, लोस मोरालेस वाडीत राहायची. दोघं जन्मली, वाढली ती तिथेच. वाडीत पूर्वी सतरा घरं होती, मग माणसं गेली, मग छपरं गेली, आणि शेवटी उरली एकटी कासिल्दा, तिच्या कोंबड्या, दारापुढचं तुतीचं झाड आणि त्याच्या बाजूला दगडी कुंडात पडणारा झरा. वाडीला आमच्या पाटाची बारी नव्हती. कधी लागलीच नाही. झरा बारा महिने मनगटाएवढा वाहायचा.

गुमेर भिजला त्या संध्याकाळी एलादिओ तिला सोडायला गेला आणि न विचारता म्हणाला, "तुझ्या झऱ्याला काही होणार नाही हं. तो जिरवणीवर चालतो."

"बरं," कासिल्दा म्हणाली आणि त्याला बटाटे, मिरच्या तेलावर परतून वाढल्या.

जिरवण म्हणजे असं, की हिवाळ्यात शेताला पाणी नको असतं, तेव्हा ते वरच्या खडकाळ माळांवर मुद्दाम मोकळं सोडतात. डोंगर ते पितो आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून परत देतो. कुठल्या माळाचं पाणी कुठल्या झऱ्यात उतरतं, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. लोस मोरालेसचा झरा पूर्वेच्या माळाचा, हे आमच्या शेंबड्या पोरालाही पाठ. कुणी तपासून पाहिलं नव्हतं. बापाचं नाव कुणी तपासून पाहतं का?

पाइप पडला त्या पहिल्या उन्हाळ्यात गावाचे टोमॅटो सप्टेंबरपर्यंत टिकले, आणि कासिल्दाचा झरा मनगटावरून अंगठ्यावर आला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो ठिबकू लागला. तिसऱ्या उन्हाळ्यात कुंडात पालापाचोळा साठला आणि पाली राहायला आल्या. पूर्वेच्या माळावर जिरवण दर हिवाळ्यात चालूच होती, एलादिओ स्वतः करत होता, त्यामुळे पाइपावर कुणाचा संशय गेला नाही. बर्फच पडत नाही तर झरा काय करणार! हवा बदललीय, म्हणाले सगळे. आता हवा बदललीय हे खरंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण एकदा का असा दांडगा गुन्हेगार हाताशी सापडला की गावातली सगळी छोटी पापं त्याच्याच अंगावर ढकलता येतात.

एलादिओ एक दिवसाआड आपल्या खटारा गाडीतून पाण्याचे कॅन खाली नेऊन द्यायचा. कासिल्दा त्या पाण्याला असं वापरायची की गुमेरने तिच्या पायाशी बसून शिकावं.

"हे बघ," ती घमेलं दाखवून म्हणायची, "या पाण्याने आधी मी तोंड धुतलं. मग भाजी धुतली. मग फरशी पुसली. आता कोंबड्या पितायत. उद्या अंड्यात उतरेल आणि ते तू खाशील. म्हणजे माझं तोंड धुतलेलं पाणी शेवटी तुझ्याच तोंडात."

"चालेल," एलादिओ म्हणायचा.

"चालेल म्हणे! अरे, निदान नाक तरी मुरड!"

पण तो नाक मुरडत नसे. कॅन उतरवायचा, अंडी घ्यायचा, निघायचा.

कासिल्दाची मुलगी पिएदाद समुद्राकडे, एल एहिदोला राहते, जिथे सगळी जमीनच प्लास्टिकच्या तंबूंखाली गेलीय. ती आईच्या मागे लागली होती. पाणी नसलेल्या वाडीत एकटी म्हातारी. पडलीबिडली तर कोण बघणार? कासिल्दा म्हणायची, "प्लास्टिकखाली काकड्या राहतात बाई, मी नाही." पण कुंडात पाली आल्या तेव्हा तिचाही धीर सुटला. शेवटी मायलेकींचं ठरलं. येत्या मे अखेरीपर्यंत झरा आला तर आई राहील. नाही आला तर पिएदाद गाडी घेऊन येईल आणि मग तोंडातून ब्र काढायचा नाही. कासिल्दाने हे एलादिओला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे." आणि ती एवढी चिडली की त्या दिवशी तिने त्याला अंडी दिली नाहीत.

त्याच तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात रानडुकरांनी घोळ घातला. डुकरांना पाइपातल्या पाण्याचा वास येतो. जमीन उकरतात आणि दात लावतात. लोस मोरालेसच्या बरोब्बर वर पाटाला एक वळण आहे, तिथे त्यांनी पाइप फोडला. भाग आडवळणाचा, शिवाय टोमॅटो निघून गेले होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायला तीनेक आठवडे गेले. तोवर पाणी जुन्या मातीच्या पाटात पडत राहिलं आणि मुरत राहिलं. एलादिओने ते पाहिलं, पाइप कापला, नवा तुकडा जोडला, वर धोंडे रचले.

थोड्या दिवसांनी तो कॅन घेऊन गेला तर कासिल्दा कुंडापाशी उभी. "ये, बघ," ती म्हणाली. कुंडाच्या वरचा दगड ओला होता. बोट लावलं तर बोट ओलं होत होतं. पुढच्या खेपेला तिथून थेंब पडत होते, एकामागून एक. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा नुसता ओला दगड. आणि मृतांच्या सणाला, नोव्हेंबर लागताच, दगड पुन्हा खडखडीत कोरडा.

पाऊस तर पडलाच नव्हता. जिरवण अजून सुरू व्हायची होती. मग ओलावा आला कुठून? एलादिओ घरी परतताना वाटेत गाडी थांबवून बसला. वर डोंगराच्या अंगावर पाटाची रेघ दिसत होती. त्या रेघेखाली पूर्वी जी हिरवी पट्टी असायची, वेत, काटेरी झुडपं, चेस्टनटची झाडं, ती आता तपकिरी झाली होती. फक्त डुकरांनी पाइप फोडलेल्या वळणाखाली एक हिरवा डाग होता. त्याला कळलं. पूर्वेच्या माळाचा काही संबंध नव्हता. झरा पाटाच्या गळतीवर जगत होता. वाया जाणारं पाणी, जे थांबवण्यासाठी त्याने अख्खा वसंत डोंगरात घालवला होता, तेच बहीण आयुष्यभर पीत आली होती.

दुसरा एखादा असता तर कपाळ बडवून घेतलं असतं. एलादिओ घरी गेला, सूप गरम केलं, प्यायला, झोपला. झोपही लागली. सकाळी उठल्यावर त्याला स्वतःचीच जरा किळस आली, की एवढं कळूनही आपल्याला झोप कशी लागते. पण तीही दुपारपर्यंत ओसरली. आणि तो गप्प बसला. अख्खा हिवाळा गप्प बसला, कॅन नेत राहिला, अंडी आणत राहिला. का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही, आणि त्यालाही आलं नसतं. बधिर झालेल्या पायात काटा रुततो तेव्हा माणूस तसाच चालत राहतो, त्यातलाच प्रकार.

एप्रिलमध्ये कासिल्दाने कोंबड्या त्याच्या गाडीत ठेवल्या. "घेऊन जा. तिकडे गच्चीवर ठेवू देत नाहीत म्हणे."

"अजून महिना आहे की."

"एलादिओ," ती म्हणाली, "मी दगड आहे का रे? तो दगड बघ आणि मला सांग, महिन्यात काय होणार आहे?"

कोंबड्या वाटभर कलकलत होत्या. त्या रविवारी पाटाची सभा होती, बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात. सगळे लहान बाकांवर गुडघे वर करून बसले होते. एरवी सभेत एलादिओ तोंड उघडत नसे. त्या दिवशी तो उठला आणि एका दमात सगळं बोलून गेला: डुकरं, ओला दगड, हिरवा डाग. "झरा पाइपाने मेला," तो म्हणाला. "आठवड्यातून एक रात्र पाणी वळणापाशी जुन्या पाटात सोडा. मुरू द्या."

गुमेर बाकावरून उठायला गेला, बाक त्याच्याबरोबर उठला, चार जण हसले.

"हे बघ बाबा," गुमेर म्हणाला, आणि त्याच्या मानाने हळू म्हणाला, "तुझी बहीण मला परकी नाही. पण पाणी मुरवायला देऊ कसं? चार वर्षं आपण हेच ओरडतोय, थेंब वाया जाता कामा नये म्हणून. आणि नियम तुला माहीत आहे. बारी चुलीची. लोस मोरालेसच्या चुलीला आपल्या पाटाची बारी कधी नव्हतीच."

"कारण तिला लागली नाही. ती गळतीवर भागवत होती."

"असेल. पण गळतीची बारी देतात का कुठे? आणि मे संपला की ती चूलही विझणार. मग कुणासाठी सोडायचं पाणी? पालींसाठी?"

मागून एकजण म्हणाला, "आणि पाइप टाकला कुणी? तूच ना? तेव्हा किती खुशीत होतास!"

त्यावर एलादिओ खाली बसला. हात वर करून मतं झाली. त्याच्या बाजूने एक हात होता, त्याचाच.

तिथून तो चालतच लोस मोरालेसला गेला. कासिल्दा दारात बसून घोंगडीला ठिगळ लावत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि जे सभेत सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. पाइप टाकला म्हणून झरा गेला. पूर्वेच्या माळाचं काही नाही. मी केलं हे.

कासिल्दाने दोरा दाताने तोडला. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"हेच. झरा पाटाचा आहे म्हणून. अरे, वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. वसंतात तुम्ही पुरुष पाट साफ करायला पाणी बंद करायचात ना? त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात झरा बारीक व्हायचा. दर वर्षी. त्या आठवड्यात आई घोंगड्या धुवायला काढायची नाही. कुणाचीच आई काढायची नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"घोंगड्या कधी धुतात हे तू कधी विचारलंस? तुम्ही आपले पूर्वेचा माळ, पूर्वेचा माळ. आम्ही म्हटलं, असू दे, पाणी येतंय ना."

एलादिओ पायरीवर टेकला. "मग पाइप टाकताना का नाही सांगितलंस? एक शब्द बोलली असतीस तर वळणापाशी पाइप उघडा ठेवला असता. तेवढंच तर करायचं होतं!"

कासिल्दाने घोंगडी बाजूला ठेवली आणि आता ती खरंच चिडली. "का नाही सांगितलं? विचारतोस वर? त्रिनी गेल्यापासून तू हातपाय असलेलं भूत झाला होतास. मी रोज रात्री मनात म्हणायचे, उद्या गुमेरचा फोन येणार, की तुझा भाऊ पाटात सापडला. आणि मग तो मेला पाइप आला. तू जेवायला लागलास. माझ्या टेबलावर तेलाने रेघा मारून मला वळणं समजावून सांगायला लागलास. गुमेरला भिजवलंस तेव्हा हसलास, माझ्या डोळ्यांदेखत हसलास! आणि त्याच संध्याकाळी मी तुला सांगायचं, की बाबा रे, यानेच माझा झरा मरणार आहे? जा, उपटून टाक? कशी सांगणार होते?"

"म्हणून झरा जाऊ दिलास."

"वाटलं होतं, थोडा तरी राहील. करंगळीएवढा जरी राहिला असता तरी मला पुरला असता. कमी पाण्यात कसं भागवायचं ते मला कुणी शिकवायला नको." तिने घोंगडी पुन्हा मांडीवर घेतली. "आणि एवढं करून, दोन वर्षांत तू पुन्हा होतास तसाच. सगळं फुकट गेलं बघ."

एलादिओला वाटलं, आता आपल्याला रडू यावं. तो त्याची वाट पाहत बसला. आलं नाही. त्याने बहिणीला तसंच सांगितलं, "मला काही वाटत नाहीये, कासिल्दा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जेवून जा."

मेच्या शेवटच्या गुरुवारी पिएदाद गाडी घेऊन आली. गादी, घोंगड्या, तव्यांची चळत, आईबापांचा फोटो. कासिल्दाने चूल स्वतः विझवली, राख काढली आणि किल्ली एलादिओच्या हातात ठेवली. "झरा आला तर कळव," ती म्हणाली. "म्हणजे उगाच आपलं म्हणतेय." पिएदादने मामाच्या गालांची पापी घेतली आणि म्हणाली, "मामा, तू पण चल ना." तो म्हणाला, "पाटाचं कोण बघणार?" गाडी वळणाआड गेली तोवर कासिल्दाने मागे वळून पाहिलं नाही. मानेचा त्रास होता तिला, पण त्यामुळे नसावं.

शुक्रवारी सकाळी बेनाल्कारच्या लोकांनी पाहिलं, एलादिओ आपल्या खटारा गाडीच्या टपावर गादी बांधतोय. मागे कोंबड्या, एक खुर्ची, कढई. लोकांनी विचारलं, कुठे रे? तो म्हणाला, खाली. त्याने आपल्या घराची चूल विझवली, दार ओढून घेतलं आणि गेला.

दुपारी लोस मोरालेसच्या धुराड्यातून धूर निघाला.

आमच्या गच्च्यांवरून ती वाडी स्पष्ट दिसते. ऊन असं होतं की कुत्री भिंतीच्या सावलीत एका ओळीत पडलेली, आणि त्या उन्हात खाली एकाच घरातून जाडजूड निळा धूर. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. कासिल्दाकडे गॅसची शेगडी होती, कॉफी तिच्यावर झाली असती. पण नियमात शेगडी नाही, धूर आहे, आणि एलादिओ नियमाला धरून चालणारा माणूस. चेस्टनटची ओली लाकडं टाकून तो चुलीपुढे घामाने निथळत बसायचा.

चौथ्या दिवशी गुमेर धापा टाकत खाली उतरला. "डोकं फिरलंय का तुझं? जूनमध्ये चूल?"

"मी इथे राहतो," एलादिओ म्हणाला. "माझी चूल इथे आहे. माझी बारी मला इथे हवी. रविवार संध्याकाळ ते सोमवार दुपार. वळणापाशी सोड, जुन्या पाटात."

"आणि तुझ्या घेवड्याचं काय? तुझ्या चेरीच्या झाडांचं?"

"वाळतील."

गुमेर दारातल्या दगडावर बसला. टोपी काढून टक्कल पुसलं. धूर दारातून बाहेर येत होता आणि दोघांच्या डोळ्यांत जात होता. "अरे, पण ती तर गेली," तो म्हणाला. "कुणासाठी हे?"

"माझी बारी आहे. मी कुठेही ओतेन."

गुमेरला नियम मोडता येईना. प्रमुखच तो, त्यानेच सभेत नियमावर बोट ठेवलं होतं. त्याने पाणी मागितलं, एलादिओने कॅनमधून अर्धा पेला दिला, आणि तेवढाच दिला म्हणून गुमेरने शिव्या दिल्या. जाताना म्हणाला, "वळणावर झडप मीच बसवून देतो. तू जोडशील तर पुन्हा डुकरांच्या तोंडी देशील." बऱ्याच वर्षांनी कुणीतरी एलादिओला मनापासून शिव्या दिल्या होत्या.

मग जून गेला. दर रविवारी संध्याकाळी तो वळणावर चढायचा, झडप उघडायचा आणि पाटाच्या काठावर बसायचा. सुकलेल्या मातीने पहिल्या खेपेला पाणी असं ओढून घेतलं की चार पावलांपलीकडे ते गेलंच नाही. पुढच्या खेपेला जरा पुढे गेलं. खाली झऱ्यावर काही नाही. जुलैत वर त्याचा घेवडा वाळला. ऑगस्टमध्ये चेरीची पानं गळाली. लोक म्हणाले, एका माणसाच्या बारीने डोंगर भिजतो का? बरोबरच होतं त्यांचं. एलादिओलाही तसंच वाटत होतं, किंवा वाटतही नव्हतं. तो नुसता चढायचा आणि उतरायचा. कासिल्दाचा फोन दर शनिवारी यायचा. ती प्लास्टिकचं सांगायची, समुद्रावर फिरायला नेतात त्याचं सांगायची, आणि घराचं काही विचारायची नाही. तो कुठून बोलतोय हे त्याने सांगितलं नव्हतं. बारवाल्या बाईने पिएदादला सांगितलं असणार, कारण एका शनिवारी ती म्हणाली, "चुलीची उजवी वीट हललेली आहे. जपून." आणि फोन ठेवला.

सप्टेंबर सरत आला तेव्हा एका सकाळी तो कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पडला, तर त्या सगळ्या कुंडावर चढून चोची मारत होत्या. कुंडात ओंजळभर पाणी होतं. वरून दगडाच्या फटीतून बारीक धार पडत होती, न तुटता. एलादिओने कोंबड्या हाकलल्या. तो समोर बसला. ऊन डोक्यावर येईस्तोवर बसला, धार तुटते का बघत. तुटली नाही. मग तो तुतीखाली गेला, तिथेच काय तो फोन लागतो, आणि त्याने बहिणीला फोन केला. तो दिवस शनिवार नव्हता.

"काय झालं? कोण गेलं?" कासिल्दा घाबरून म्हणाली.

"कुणी नाही. पाणी आलंय."

"कसलं पाणी?"

"झऱ्याला."

ती म्हणाली, "किती?"

"करंगळीएवढं."

"तुझ्या की माझ्या?"

एलादिओने वळून पाहिलं. "तुझ्या," तो म्हणाला.

"पुरे आहे," कासिल्दा म्हणाली. "येते मी. पिएदादला तू काही बोलू नकोस, मी बघते तिचं." आणि मग ती रडायला लागली. हळू नाही, हमसाहमशी, मध्येच हसायची, मध्येच "अरे गाढवा, जूनमध्ये चूल!" म्हणायची आणि पुन्हा रडायची. एलादिओ तुतीखाली उभा राहून ऐकत होता. आता आपल्यालाही होईल, असं त्याला वाटलं. छातीत जरा काही हललं असावं, की तो नुसता उन्हाचा ताप होता, त्याला ठरवता आलं नाही. रडण्याचं काम बहीण दोघांच्या वतीने करत होती. तिचं आटपेपर्यंत त्याने फोन कानाला धरून ठेवला, आणि हात अवघडला तेव्हा दुसऱ्या कानाला लावला.